वसरीवरची हजेरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर जीभ रेटली नसती.

शहागडच्या अलीकडे एका गावात मी पोलीस पाटील होतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आमच्याच गल्लीतला लिंबा चोरीपायी जेल भोगून आला, तेव्हा त्यानं रोज दिवेलागणीला माझ्या घरापुढच्या वसरीवर हजेरी द्यायची आणि मी ती वहीत लिहायची, असं पोलिसांनी ठरवलं. लहानपणी त्याचा बाप त्याला बैलांच्या दावणीला बांधायचा — दिवस दिवस. हाकही 'दावणीच्या' अशीच मारायचा. मोठेपणीही कुणी आवाज चढवला की लिंबाची वाचा बसायची, हातपाय कापायचे. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी त्याला त्याच नावानं हाक मारायचो. समोर पारावरची मंडळी हसायची. मलाही मजा यायची — खोटं कशाला बोलू?

सहा महिन्यांत हा परत आत जातो, असं मी पारावर छातीठोक सांगितलं होतं. आणि हा तर सुधारायला लागला! वडीगोद्रीला हमाली करायचा, एक हजेरी चुकवायचा नाही. लोक मलाच चिडवू लागले. एखाद्याला बुडवायला एवढं पुरतं का? मला पुरलं.

एकदा दिवेलागणीलाच माझ्या चुलतभावाच्या विहिरीवरून इंजिनाचा पट्टा चोरीला गेला. त्या वेळी लिंबा माझ्या वसरीवर, माझ्यासमोर बसलेला होता. सकाळी पोलीस चौकीतून जमादार आला. लिंबा म्हणाला, "पाटील, म्या तर हितंच व्हतो. सांगा की."

मी मुद्दाम आवाज चढवला. "कव्हा आल्तास रे, दावणीच्या?"

त्याची वाचा बसली. धोतर ओलं झालं. जमादाराला तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. आदल्या संध्याकाळची नोंद वहीत अजून कोरीच होती. मी लिहिलं — गैरहजर.

त्या दिवशी पारावर सगळ्यांना चहा मीच पाजला.

वर्षानं तो सुटून आला. कुणाशी बोलेना. बापाच्या पडक्या गोठ्यात, दावणीच्या त्याच खुंट्याशी जाऊन बसायचा. मग एका दिवेलागणीला माझ्याच विहिरीवरचा पट्टा कापून, खांद्यावर टाकून आला आणि वसरीवर आपल्या जागी बसला.

"आलोय, पाटील," म्हणाला. "आज तरी लिव्हा."

मी जमादाराला निरोप धाडला, आणि वही उघडून लिहिलं — हजर. वेळसुद्धा बराबर टाकली.