मुडीतलं भात

कुठल्याही प्रदर्शनात पेंढ्याच्या दोरीनं बांधलेली मुडी दिसली की मी ती आधी उचलून बघते. रखवालदार धावत येतो, 'हात लावू नये'ची पाटी दाखवतो. मी लावतेच. वजन लागलं तर ठीक. हलकी लागली की माझं डोकं फिरतं आणि सोबत आलेल्यांची पंचाईत होते. ह्या वयात शोभत नाही, असं माझी मुलगी म्हणते. न शोभो.

ऐंशीच्या दशकात नेरूळच्या नव्या वसाहतीत एक वाचनालय निघालं. खाली पुस्तकं, वर कलासंग्रहालय. मी तिथे संशोधन सहायक होते. संशोधन म्हणजे आसपासच्या गावांत हिंडायचं, लोक हातानं काय काय बनवतात ते टिपायचं, आणि चांगली वस्तू दिसली की प्रदर्शनासाठी मागून आणायची. मागायला मी, मिरवायला संचालक. ते मुंबईहून यायचे, खादीचा झब्बा घालायचे आणि दर दोन वाक्यांनी 'लोककला' म्हणायचे.

जासईच्या अलीकडच्या एका गावात मला ती मुडी दिसली. बियाण्याचं भात पेंढ्यात भरून, वरून पेंढ्याचीच दोरी गच्च आवळत गोल बांधून ठेवतात, ती मुडी. घरातल्या म्हातारीनं ती माळ्यावरून खाली काढून दाखवली. तिच्या नवऱ्यानं बांधलेली होती. दोरीचे वेढे इतके एकसारखे, की माझा हात त्यावरून निघेना. आतलं भात मात्र त्याहून मोलाचं होतं. तिचं शेत खाडीच्या बांधाला लागून होतं. भरतीचं खारं पाणी आत शिरलं तरी तग धरणारं ते तांबडं भात. बाकीच्यांच्या जमिनी शहरात गेल्या, बी संपलं. गावात आता ते फक्त ह्या घरात होतं.

ती सहजासहजी देईना. मी खूप गळ घातली. शेवटी म्हणाली, "ह्ये भात खायाचं नाय, बाय, बियानाचं हाय. रोहिनीच्या आधी मना परत दे." मी शब्द दिला. संचालकांच्याही कानावर घातलं, एकदा नाही, तीनदा. ते मान हलवत होते. त्यांचं लक्ष मुडीच्या गोलाईकडे होतं.

प्रदर्शन झकास झालं. मुडी दालनाच्या मधोमध छतापासून तारेनं टांगलेली, तिच्यावर दिव्याचा झोत. रविवारी व्याख्यानं, शाळेच्या मुलांसाठी पेंढ्याची कार्यशाळा. मुंबईहून समीक्षक आले, तिच्याखाली उभे राहून अवकाशाबद्दल बोलले. मग 'लोकाग्रहास्तव' मुदत वाढली. आग्रह करणारे लोक मला कुठे भेटले नाहीत. रोहिणी नक्षत्र, म्हणजे पेरणीचे दिवस, जवळ आले तशी मी रोज संचालकांच्या मागे लागले. आज देतो, उद्या देतो. अखेर म्हातारीच आपणहून आली.

हिरवं लुगडं नेसून, पहिल्यांदाच आमच्या जिन्यानं वर. शिपायानं मुडी उतरवून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली मात्र, आणि तिथेच थांबली. एकदा वर-खाली केली. जमिनीवर बसली, खालच्या बाजूची दोरी चाचपली. ती कापून डिंकानं चिकटवलेली होती. तिनं बोट घालून ओढलं. आतून आमच्या वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं निघाली, बोळे करून कोंबलेली.

मी शिपायाला विचारलं. तो बिचारा सांगू लागला, तार वजन घेईना, म्हणून साहेबांनीच रिकामी करायला सांगितलं. भात गच्चीवर चिमण्यांना टाकलं.

संचालक आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "अहो मॅडम, टेन्शन कशाला घेता? फॉर्मला कुठे धक्का लागलाय? हे आर्ट म्युझियम आहे, धान्याचं कोठार नाही. आजींना बाजारातून चांगलं बियाणं आणून देऊ." मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या एकाही शब्दाचं मला वाईट वाटत नाही. शिकलेल्या माणसानं फळ फेकून साल जपावी आणि वर तिच्याबद्दल भाषण द्यावं, ह्याला मी आजही माफ करत नाही.

म्हातारी तोवर कागदाचे बोळे एकेक करून उलगडत होती. एखाद्यात चार दाणे राहिले असतील असं तिला वाटत होतं. एकही नव्हता. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आता काय पेरू, बाय?"

मी गच्चीवर पळाले. चिमण्यांनी काम चोख केलं होतं.

मुडी तिथेच टाकून ती निघून गेली. संचालकांनी कागद परत भरून घेतले आणि मुडी पुन्हा टांगली. बाजारातलं बियाणं मात्र त्यांनी खरंच पाठवलं. त्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं आणि सगळं शेत पिवळं पडलं.

पुढच्या वर्षी संचालकांनी मला बोलावून घेतलं. नामशेष होत चाललेल्या भाताच्या जातींवर त्यांना परिसंवाद घ्यायचा होता. मुडीखाली एका थाळीत ते तांबडं भात ठेवलं तर छान दिसेल, म्हणाले. मूठभर पुरे, त्या आजींकडून घेऊन या.

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी स्टुलावर चढून मुडी उतरवली, काखेत मारली आणि बस पकडली. नोकरी त्याच दिवशी गेली. जायलाच हवी होती. म्हातारी पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, बाजारातले, पांढरे. मी मुडी तिच्यापुढे ठेवली. तुमची वस्तू आहे, म्हटलं, तुमच्या घरात राहू दे.

तिनं सूप बाजूला ठेवलं, मुडी हातानं दाबून पाहिली. कागद आत चुरचुरले. तिनं ती हळूच माझ्याकडे सरकवली.

"ने परत," ती म्हणाली. "तुमाला रिकामीच आवडते."