तिच्या हाताचा दोष

लढाईचे दिवस होते. म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला आम्ही नवरा-बायको रहिमतपुरातून सर्व्हिस मोटारीनं निघालो. बाया पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. मी पार मागं, पुरुषांत. घाटात उजव्या अंगाला देवीचं ठाणं आहे. तिथं चालत्या मोटारीतून पैसा टाकायची सगळ्यांची रीत. बायकोनं खिडकीतून हात काढला आणि समोरून मिलिटरीची लॉरी बैलगाडीला मागं टाकत आली, ती आमच्या मोटारीला घासूनच गेली. बायकोचा उजवा हात कोपरापासून गेला.

साताऱ्याला दावा लावला. मोटारमालकाचा वकील म्हणाला, चूक लॉरीची. लॉरी सरकारची, तिला कोण कोर्टात ओढणार? मग म्हणाला, बैलगाडी रस्त्याच्या मधून चालली होती. गाडीवान म्हणाला, "सायेब, बैलास्नी इचारा." सगळं कोर्ट हसलं. माझी बायको थोटा हात पदराखाली धरून उभी, आणि हे हसतात!

ड्रायव्हरनं शपथेवर सांगितलं, "माझं दोन्ही हात स्टेरिंगवर व्हतं."

आमच्या वकिलानं बायकोला विचारलं, "खरं का, बाई?" ती खाली बघत राहिली.

निकाल लागला. दोष वाटला तो असा: थोडा लॉरीला, थोडा बैलगाडीला, उरलेला सगळा माझ्या बायकोच्या हाताला. तो बाहेर का होता? दावा फेटाळला.

बाहेर झाडाखाली ती म्हणाली, "त्या ड्रायव्हरनंबी पैसा टाकला. माझ्या आदी. एका हातानं मोटार मधी गेली. लॉरी दिसली तसा त्येनं हात आत घेतला."

"अगं, मग आत का न्हाई बोललीस?"

"आवं, देवीला दिल्यालं चहाडी म्हणून कसं सांगू?"

लय संतापलो. त्या हरामखोराला देवीचं भय नव्हतं, हिला होतं.

पुढं कधी घाटातून गेलो की ती डाव्या हातानं आणि दातांनी पदराची गाठ सोडायची. "टाका तुमी. माझा न्हाई पोचत." मी दात खात पैसा टाकायचो.

औंदा ती गेली. परवा एकटाच त्या घाटातून आलो. शेजारचा म्हणाला, "बाबा, ठाणं आलं. टाका की पैसा."

"न्हाई टाकत," म्हटलं. "देवीनं समदं बघितलं व्हतं. तिनं तरी बोलायचं व्हतं."