फीवाल्या काकांचा धाक

कॉलेजातली फीची खिडकी एवढीशी, पण तिच्यामागे बसणाऱ्या काकांचा आवाज गच्चीपर्यंत जायचा. फीमाफी मागायला कुणी आलं की काका चष्मा कपाळावर चढवत. "घरात कमावतं कोण? किती? खरं सांग!" समोरचं पोर घाबरून असलेला आकडा आणखी खाली आणायचं. काका डोळे वटारायचे आणि माफी देऊन टाकायचे.

यंदा प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. दिवसा कुठेतरी राबून शिकणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग बंद करायचं संस्थेच्या मनात होतं. "शिकून ही मुलं काही कमावतात का, एवढंच संस्थेला बघायचंय. शिकून गेलेल्या सगळ्यांना तुम्ही ओळखता. फोन लावा."

हा वर्ग म्हणजे काकांचा जीव की प्राण. ते लगेच फोनला बसले.

"कॉलेजातून बोलतोय. पगार किती?"

पलीकडे आवाज ओळखला जायचा आणि सूर एकदम पडायचा. "कसंबसं भागतंय हो, काका." दुसरी म्हणाली, "घरभाडं निघतं, बस्स." तिसरा म्हणाला, अजून वडिलांच्याच जिवावर आहे. त्याचे वडील वारल्याचा दाखला त्याच्या माफीच्या अर्जाला खुद्द काकांनीच जोडला होता!

तोंड पाडून काका कँटीनमध्ये आले. "काय हो, आज तुमचीच फी थकली की काय?" कँटीनवाल्या मावशींनी विचारलं. सगळं ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना. "अहो, तुम्ही पगार विचारलात तर माफी परत वसूल करणार असंच वाटणार त्यांना! जन्मभर धाक घातलात, आता भोगा. आणा तो फोन इकडे."

मावशींनी तिसऱ्याला लावला. "मावशी बोलतेय रे. पोटापाण्याचं कसं काय?"

"मावशी! अगं, हिशेब विभागाचा प्रमुख झालो! घर घेतलं!"

"लबाड कुठला!" शेजारी कान लावून बसलेले काका ओरडले.

"हळू! ऐकेल ना तो."

दुपारभर मावशींच्या कानात घरं, बढत्या, गाड्या ओतल्या जात होत्या. फक्त एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "पदवी आहे गं, पण सगळे अनुभव विचारतात. शिकताना ज्या दुकानात पाकिटं भरायचे, तिथेच भरतेय अजून." मावशींनी तेही काकांना लिहून घ्यायला लावलं.

प्राचार्य खूश झाले. "छान! ही एक तेवढी वगळा. उगाच सरासरी खाली येते."

"नाही वगळायची, सर." काकांचा आवाज चढला. "माफी दिली, पदवी दिली आणि दाराबाहेर सोडून आपण मोकळे झालो. ती गाळून वर्ग चांगला ठरवायचा असेल, तर या वर्गातली पुढची मुलंही अशीच वाऱ्यावर सुटतील."

प्राचार्यांनी त्या मुलीसकट सगळं संस्थेकडे धाडलं. वर्ग आणखी एक वर्ष चालवायचं ठरलं. मात्र नोकरी लावून द्यायचं कामही कॉलेजनेच बघावं, असं संस्थेने बजावलं. ते अर्थातच काकांच्या गळ्यात पडलं.

काकांनी त्याच दिवशी हिशेबप्रमुखाला फोनवर गाठलं. "आपल्या वर्गातली एक मुलगी अजून दुकानात पाकिटं भरतेय. तिच्यासाठी तुझ्या विभागात जागा आहे का?"

"आहे, काका. पण मुलाखत घ्यावी लागेल."

"घे की, चांगली कसून घे. तुझ्यापेक्षा खरं बोलते ती."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "सोमवारी पाठवा तिला."