गुढी उतरवायला सरकार आलं

गेल्या पाडव्याला आमची गुढी उतरवायला चार सरकारी खाती लागली.

उभारायला मात्र मी एकटा पुरेसा होतो, आणि तिथेच सगळं चुकलं. आम्ही मूळचे साताऱ्याचे, नोकरीमुळे लखनौला अलीगंजात राहतो. इथे पाडव्याची सुट्टी नसते, म्हणून मी रजा टाकतो. आई बांबूसाठी आठवडाभर मागे लागली होती. पण मी पडलो धातुशास्त्रज्ञ (एका सरकारी संशोधन संस्थेत, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). पडद्यांचा जुना ॲल्युमिनियमचा पाइप घरात पडलेला असताना बांबू शोधत कोण हिंडणार?

"अरे शऱ्या, गुढीला वेळूच लागतो," आई म्हणाली.

"आई, हा हलका आहे, गंजत नाही, वाकत नाही."

"पापा, सामने बिजली के तार हैं," माझी मुलगी सई म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"मला दिसतायत," मी म्हणालो. दिसत होते, हे खरंच आहे.

पाइपाला आईचा लग्नातला शालू नेसवला. डाळिंबी रंगाचा, जरीकाठी. तिच्या वडिलांनी, म्हणजे सायकलवरून गावोगाव टपाल वाटणाऱ्या माझ्या आजोबांनी, तो घेतला होता. वर्षभर तो मलमलच्या कापडात झोपतो आणि पाडव्याला एक दिवस ऊन खातो. आईकडे माहेरचं एवढंच उरलंय.

गुढी गॅलरीत उभी राहिली, पूजा झाली. आई कडुलिंबाची चटणी वाटायला निघाली, तसा मी फोन आल्याचं निमित्त करून आत सटकलो. ती चटणी मी लहानपणापासून चुकवत आलोय. त्या दिवशी तिने माझा जीव वाचवला, कारण तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि न वाकणारा पाइप वाकला, थेट तारांवर.

असा आवाज झाला की समोरच्या मिश्राजींनी देवघरात शंख टाकला. गल्लीतली वीज गेली. पाइप खाली रस्त्यात पडला होता, सुदैवाने कुणाच्या डोक्यात नाही. शालू मात्र तारांवर, त्याच्या टोकाला तांब्या लटकलेला आणि गळ्यात झेंडूची माळ.

आई गॅलरीच्या दाराशी उभी राहिली. रडली नाही. नुसती वर बघत राहिली. ते मला बघवेना.

"मी काढतो," म्हणून मी पोछ्याचा दांडा उचलला. बायकोने मागून सदरा धरला.

"अहो, शालू एकच आहे, पण नवराही एकच आहे. वीजवाल्यांना बोलवा."

"सरकारी लोक ते! दिवाळीपर्यंत येतील," मी म्हणालो. हे माझं आवडतं वाक्य. मी ते ऑफिसच्या कँटीनमध्येही म्हणतो, सरकारी चहा पीत.

फोन मात्र सईने केव्हाच केला होता. आईचा दुसरा चहा व्हायच्या आत दोन लाइनमन शिडी घेऊन हजर झाले. थोरल्याचं नाव रामसजीवन. त्याने फोनवरून आधी सबस्टेशनकडून लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली आणि मग शिडी लावली. ती कमी पडली.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. पाठोपाठ ॲम्ब्युलन्स. तिच्या पाठोपाठ घंटा वाजवत अग्निशमन दलाचा बंब. झालं असं की कोपऱ्यावरून जाणाऱ्या कुणा भल्या माणसाने कळवलं होतं, तारेवर एक बाई लटकलीय म्हणून. (लांबून शालू, तांब्याचं डोकं आणि माळ बघितल्यावर त्याला तरी काय दोष द्यायचा?)

"लेडीज कहाँ हैं?" हवालदाराने विचारलं.

मी वर बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. आता हे मला आत टाकणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

"मेरे ब्याह की साड़ी है, बेटा," आई मागून म्हणाली. "मेरे पिताजी ने दी थी."

हवालदाराने टोपी सारखी केली. "अच्छा. तो अम्माजी, आप कुर्सी पर बैठिए. साड़ी उतर जाएगी."

आणि मग ती सगळी मंडळी, मोठा अपघात समजून धावत आलेली, एका जुन्या शालूसाठी कामाला लागली. पोलिसांनी रस्ता अडवला. बंबवाल्यांनी आपली उंच शिडी उभी केली. रामसजीवन वर गेला आणि एकेक पदर असा सोडवू लागला, जसा झोपलेल्या पोराच्या अंगातला स्वेटर काढतात. खाली ॲम्ब्युलन्सची पांढरी चादर चौघांनी चार कोपऱ्यांना धरली. एक हवालदार, एक बंबवाला, धाकटा लाइनमन आणि ॲम्ब्युलन्समधली सिस्टर. त्या चादरीत शालू अलगद उतरला. पाठोपाठ तांब्याही.

ती चादर बघताना मला बाबा आठवले. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या रेल्वेच्या नोकरीची पेन्शन आईला मिळत राहिली, आणि त्या पेन्शनवर आम्ही भावंडं शिकलो. इतकं शिकलो, की सरकारी लोकांना नावं ठेवण्याइतकी अक्कल आली. आम्ही पडलो तेव्हाही खाली अशीच कुणीतरी चादर धरून उभं होतं. मला ती तेव्हा दिसली नव्हती.

आईने शालू उलगडून पाहिला. काठ एका ठिकाणी करपला होता, बाकी धड होता. तिने तो छातीशी धरला आणि मग रडली.

"पेशंट कोई नहीं?" सिस्टरने जाता जाता विचारलं, आणि माझ्याकडे बघून माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा बांधला. "इनका बढ़ा हुआ है."

"आप करते क्या हैं?" हवालदाराने रस्त्यातला पाइप उचलत मला विचारलं.

"धातुओं पर रिसर्च."

त्याने पाइपाकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं आणि पाइप अत्यंत सभ्यपणे माझ्या हातात दिला. लखनौची तहजीब म्हणतात ती हीच.

आईने कुणालाच तसं जाऊ दिलं नाही. बंबवाले, पोलीस, सिस्टर, लाइनमन, सगळे जिन्यात बसून श्रीखंड-पुरी खाऊ लागले. रामसजीवनला तर तिने दोनदा वाढलं. वीज आली, मिश्राजींचा पंखा सुरू झाला. शेवटी मी ताटली पुढे केली, तेव्हा पातेलं रिकामं होतं.

"आई, मला?"

"आधी कामावर असलेल्या सरकारी माणसांना," आई म्हणाली. "तू रजेवर आहेस."

असं म्हणून तिने माझ्या ताटलीत कडुलिंबाची चटणी वाढली, आणि संपेपर्यंत समोर उभी राहिली.