कायबेत्तिक

परवा बेळगावात लेकीकडे टीव्हीवर तुर्की मालिका लागली होती. त्यातला म्हातारा दवाखान्याच्या दारात ‘कायबेत्तिक’ म्हणाला आणि माझा घास हातातच राहिला. लेकीनं मोबाईलवर अर्थ काढला. वस्तू हरवली तरी हाच शब्द, माणूस गेला तरी हाच.

हा शब्द मी आधी एकदाच ऐकला होता, लग्नाआधी, निपाणीच्या आमच्या घरात. दादा मालवाहू जहाजावर होता आणि ते जहाज तुर्कस्तानजवळ बुडालं होतं. तिथून फोन आला तेव्हा शेजारच्या वखारीतून तंबाखूचा उग्र वास येत होता. पलीकडे एकजण तुर्कीत बोलत होता, दुसरा ते इंग्रजीत सांगत होता, आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे आप्पा आईला मराठीत. मीही रिसीव्हरला कान लावला होता.

“कायबेत्तिक,” पहिला म्हणाला.

“वी लॉस्ट हिम,” दुसरा म्हणाला.

आप्पांनी आईकडे बघितलं. मग म्हणाले, “हरवलाय म्हणत्यात.”

“मग शोधा म्हणावं की!” आईनं फोन ओढून घेतला आणि पलीकडच्याला मराठीतच सांगू लागली. “आण्णा, नीट बघा. त्याला लई चांगलं पोहाय येतंय.”

पलीकडे कुणीतरी हुंदके देऊ लागलं. आईनं घाबरून फोन आप्पांकडे दिला. “काय म्हणत्यात ओ?”

“शोधतो म्हणत्यात,” आप्पा म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आता वाटतं, दोन अर्थांतला आईला झेपेल तो त्यांनी दिला.

दादा सापडला नाही. आई होती तोवर तिनं त्याचं श्राद्ध करू दिलं नाही. ती गेल्यावर आप्पांनी दोघांचं एकाच दिवशी केलं.