पट्टी, पाटी आणि पेटी

डेलमार स्ट्राउडला देवानं फुशारकी सढळ हातानं दिली होती, आणि वाईट म्हणजे ती खरी करून दाखवायची कलाही दिली होती. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीला जाणारे पुष्कळ, पण मादीची साद डेलमारसारखी कुणाला जमत नसे. ही साद तो तोंडानं घाली. नालाच्या आकाराची, जेमतेम अंगठ्याएवढी रबराची पट्टी टाळूला लावायची, जिभेनं दाबायची आणि वारा सोडायचा. पलीकडच्या नराला वाटावं, इथं कुणीतरी लाडात आलंय. तो शाळेची बस चालवायचा तेव्हाही पट्टी त्याच्या गालात असायची. पोरांनी फार गोंगाट केला की मागं न बघता तो टर्कीसारखा खेकसायचा. त्यातली काही पोरं आता बाप झालीत, तरी ताटात भाजलेली टर्की दिसली की पाठ ताठ करून बसतात.

त्याचा मेहुणा होइट प्रुइट अगदी उलट. होइटच्या शिकारीच्या जाकिटाला जितके खिसे तितकी अवजारं. झाकण घासलं की ओरडणारी लाकडी पेटी, काडीनं खरवडायची पाटी, टर्कीच्याच पंखाच्या हाडाची पुंगी, वर घुबडाची शीळ. तो चालायला लागला की बोहारीण निघाल्यासारखं वाटे. कॅफेत सकाळच्या कॉफीला मंडळी जमली की डेलमारचं एक वाक्य ठरलेलं होतं: "ज्याच्या तोंडात दम नाही, तो पेटी बडवतो." सगळे हसत. होइटही हसे, ओठ मिटून.

तर असा हा डेलमार, आणि या हिवाळ्यात त्याचे वरचे सगळे दात गेले.

दातांचं त्याला एवढं दुःख नव्हतं. पण कवळी आली, तिनं टाळू झाकला, आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पट्टी ठरेना. फुंकलं की ती सटके आणि सादेऐवजी किटलीला उकळी फुटल्यासारखं काहीतरी बाहेर पडे. कुणाला कळू नये म्हणून कवळी त्यानं लांबच्या गावी करून घेतली होती. बायको ओनिटा सोडून कुणाला पत्ता नव्हता. पण दात जायच्या आधीच तो कॅफेत सगळ्यांसमोर बोलून बसला होता, की यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी डीकनला होइटच्या बंदुकीसमोर आणून उभा करीन. डीकन म्हणजे वरच्या कड्यावरचा म्हातारा नर. छाती काढून चाले, सगळ्यांचं ऐकून घेई आणि कुणाचंच मानत नसे, म्हणून त्याला चर्चच्या कारभाऱ्याचं नाव पडलं होतं. आता तो आला नाही तर होइट कारण विचारणार, आणि कारण कळलं की ते वाक्य उलटं फिरून डेलमारच्याच गळ्यात पडणार, ते थेट मरेपर्यंत.

आदल्या दुपारी त्यानं गुपचूप विकत आणलेली अवजारं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. काय न्यायचं, काय ठेवायचं, ठरेना. ओनिटा मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. त्यानं पेटी घासली.

"इथं मादी मी आहे, मला विचारा," ती म्हणाली. "या आवाजाला मी दारसुद्धा उघडणार नाही."

त्यानं पाटी खरवडली.

"ही बरी आहे. जरा रुसल्यासारखी वाटते. पण दोन्ही हात गुंतले, बंदूक काय पायानं धरणार?"

यंदा गोळी झाडायची पाळी होइटची आहे, आपण नुसतं मागं बसणार, असं त्यानं सांगितलं. मग पाटी न्या, ती म्हणाली, आणि अडीनडीला पेटीही न्या, पण मोज्यात गुंडाळून, नाहीतर चालताना बोंबलेल आणि तुमचं बिंग तुमच्याच खिशातून फुटेल. हाडाची पुंगी तिनं सरळ फडताळात टाकली.

"मला बोलावलंत तेव्हा कुठं एवढी तयारी केली होती?"

"तेव्हा दात होते," डेलमार म्हणाला. पट्टीही त्यानं खिशात टाकली, निव्वळ दाखवायला.

सोमवारी उजाडता उजाडता दोघं कड्याखाली पोचले. होइट पुढं बसला, डेलमार मागच्या ओकच्या बुंध्याआड. नर सादेच्या दिशेनं येतो आणि वाटेत बंदुकीसमोर सापडतो, त्यामुळे डेलमारनं मागं बसण्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. घुबड ऐकलं की नर चिडून गरजतो आणि कुठं बसलाय ते कळतं, म्हणून होइटनं घुबडाची शीळ घातली. वरून डीकन गरजला, आणि थोड्या वेळानं पंख फडफडवत झाडावरून उतरला. डेलमारनं पाटी काढली, मांडीवर धरली, आणि फांदीवरचं दंव नेमकं तिच्यावर ओघळलं. ओल्या पाटीवर काडी मुकाट्यानं घसरली. त्यानं पाटी विजारीला पुसली, पण विजारही ओलीच होती. मग पेटी. पेटीच्या झाकणाला खडू लावून कोरडं ठेवावं लागतं, तेलकटपणा तिचा हाडवैरी. आणि या शहाण्यानं गुंडाळायला मोजा घेतला होता तो आपल्याच पायातला, टाचांच्या भेगांचं मलम मुरलेला. झाकण लोण्यावरून फिरावं तसं फिरलं, ना आवाज ना काही.

डीकन पुन्हा गरजला, या वेळी जरा लांबून.

"दाजी," होइट मान न वळवता कुजबुजला, "डोळा लागला का?"

डेलमारनं इकडंतिकडं पाहिलं, कवळी काढून बाजूला ठेवली आणि पट्टी उघड्या टाळूला लावली. ती जुन्या घरी परतल्यासारखी चिकटली. साद निघाली ती किंचित बोबडी, किंचित म्हातारी, पण अशी गोड की डेलमार स्वतःच दचकला. डीकनची इतक्या वर्षांची इभ्रत तिथंच गळून पडली. शेपटीचा पंखा उघडून, डोकं लालनिळं करून, तो अक्षरशः धावत आला. होइटनं बार काढला.

पक्ष्यापाशी जाऊन होइट नाचतच मागं आला. अशी साद आपण जन्मात ऐकली नाही, असं तो दोनदा म्हणाला. डेलमार ओठ घट्ट मिटून मान डोलवत होता आणि गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत होता. कवळी सापडत नव्हती.

"काय शोधताय?"

"फट्टी," डेलमार म्हणाला. म्हणजे त्याला पट्टी म्हणायचं होतं.

होइट त्याच्याकडे पाहत राहिला. मग तो खाली बसला, दोन बोटं तोंडात घातली आणि वरची अख्खी बत्तिशी हातात काढून धरली. नीट दाखवून झाल्यावर परत बसवली.

"काढायची तर टोपीत ठेवावी, दाजी. पाचोळ्यात टाकू नये."

 केव्हापासून, एवढंच डेलमारनं बोबडं विचारलं.

"तुमचं ते पेटीचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं ना, त्याच्या आदल्या वर्षी." होइटही आता पाचोळा चाळायला लागला होता. "मला काय हौस होती एवढं ओझं वाहायची? पण काढून फुंकायचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

डेलमारला मनापासून लाज वाटली. आयुष्यात असा प्रसंग क्वचितच आला असल्यानं तिचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून तो नुसता शोधत राहिला. कवळी अखेर होइटच्या गुडघ्याखाली निघाली.

संध्याकाळी ओनिटानं डीकनची छाती पिठात घोळून तळली. होइटही जेवायला होता. दोघांपैकी कुणी काही सांगायच्या आत तिनं दोघांच्या ताटातलं मांस बारीक चिरून ठेवलं होतं. डेलमार आपल्या ताटाकडे बघत राहिला, मग होइटच्या.

"याचं केव्हापासून चिरून देतेस?"

"कवळी बसली तेव्हापासून. दर रविवारी, तुमच्यासमोर."

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुम्ही बोलत होतात," ओनिटा म्हणाली.

डेलमारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग त्यात मांसाचा तुकडा घातला.