गुत्त्याच्या वरचं नाटक

महादेवी मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत शिकवत होते. लातूरहून तिचा थोरला मुलगा शिवराज बोलत होता. "अक्का, आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. मी पोचले तेव्हा मावशीला विभूती लावून, हार घालून बसवलं होतं. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात. ताठ बसली होती. तिच्या समोरच एक नातेवाईक शेजारच्याला सांगत होते, "घरात गप बसली असती तर अजून जगली असती. नाटकाच्या नादानं नेलं म्हातारीला." बोलायची ती जागा नव्हती, ती वेळही नव्हती. आज बोलते.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. कॉलेजात तिनं नाटकांत कामं केली होती, बक्षिसंही घेतली होती. लग्न होऊन लातूरच्या कापड दुकानदारांच्या घरात आली आणि सासऱ्यांनी सांगून टाकलं, "दुकानदाराच्या सुनेनं तोंडाला रंग लावायचा न्हाई." विषय तिथंच मिटला. पुढं सासरे गेले, मावशीचे यजमान, आमचे काकाही गेले, पण तोवर नाही म्हणायचं काम घरातल्या बाकीच्यांनी उचललं होतं. आधी लोक काय म्हणतील, मग वय, आणि शेवटी तिचं हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तर सगळ्यांना आयतंच कारण मिळालं.

तिचा धाकटा मन्मथ लंडनला असतो. दोन वर्षांमागं उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीला घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्यानं सगळं आखून ठेवलं होतं... पूल, राजवाडा, रविवारी देऊळ. पण घराजवळच्या रस्त्यावरून जाताना मावशी नाटकाच्या जाहिरातीच्या एका पाटीसमोर थांबली. पाटीवर तिच्याच वयाच्या दोन बायका. वडिलांचं घर विकायला निघालेल्या दोन बहिणींचं नाटक, असं मी वाचून सांगितलं. "हे बघायचं," मावशी म्हणाली.

मन्मथनं कपाळाला हात लावला. "आई, ते गुत्त्यावर हाय! खाली लोक दारू पीत बसतात."

"मग? मी काय खाली बसणार हाय? मी वर जाणार हाय."

"तुला भाषा कळायची न्हाई."

"पूजेला येणाऱ्या जंगमाचे मंत्र तुला कळतात का? तरी हात जोडून बसतोस की."

त्यानं मोठ्या थिएटरातल्या नाचगाण्याच्या खेळाचं आमिष दाखवलं. तिथं लिफ्ट होती, मऊ खुर्च्या होत्या. मावशी म्हणाली, नाचगाणं मी टीव्हीवर बघते, मला माणसं जवळून बघायचीत. त्यावर मन्मथनं शेवटचं अस्त्र काढलं : त्या गुत्त्यात लिफ्ट नाही, जिना उभा आहे, काही झालं तर मी जबाबदार नाही. मावशीनं शांतपणे माझ्याकडे बघितलं. "उमा, दुपारचा खेळ हाय का बघ." मग बेत तिनंच ठरवला. लवकर निघायचं, थोडं चढायचं, थोडं बसायचं, पिशवीत गोळ्या आणि पाणी. उन्हाळा असूनही तिथं थंडी होती, तरी नेसायचं इरकली लुगडंच, वरून हवं तर स्वेटर.

लवकर निघूनही रस्त्याचं काम चालू असल्यानं बस अडकली, शेवटी चालावं लागलं आणि पोचेपर्यंत खेळ सुरू झाला होता. गुत्त्यातून आम्ही आत शिरलो तेव्हा पेले हातात धरलेली माणसं बाजूला सरकली आणि मावशी त्यांच्यामधून देवळातून जावं तशी सरळ जिन्याकडे गेली. निम्म्या जिन्यात दम लागला. ओठ पांढरे पडले. मी घाबरले, म्हटलं, "मावशी, परत जाऊ." ती कठड्याला धरून बसली. "नाटक वर चालू हाय अन् मी परत जाऊ?"

दाराशी एक वयस्क बाई होती. दार रंगमंचाच्या बाजूलाच उघडत असल्यानं मध्यंतरापर्यंत आत सोडता येणार नव्हतं. तिनं स्वतःची खुर्ची मावशीला दिली. बंद दाराला कान लावून मावशीनं पहिला अंक ऐकला. मधेच पुटपुटली, "मोठी बहीण खोटं बोलून राहिली." दुसरा अंक आम्ही अगदी पुढच्या बाकावरून पाहिला, आणि मोठी खरंच खोटं बोलत होती.

खेळ संपल्यावर ती मोठी बहीण झालेली नटी सगळ्यांना भेटत होती. इरकल बघून आमच्याकडे आली. मावशीनं तिचे दोन्ही हात धरले. नटीनं विचारलं, तुम्हीही नाटकात काम करता का? मी प्रश्न मराठीत सांगितला. मावशीनं पदर सावरला... मग म्हणाली, "हाव, करते."

खाली मन्मथ उभा होता. ऑफिसातून धावतपळत आला होता. "बघ," मावशी म्हणाली, "गुत्त्यात तूच उभा हाईस."

भारतात उतरल्यावर तिचं पहिलं वाक्य, "परदेशी बाईला खोटं सांगून आले. आता खरं करावं लागंल." नांदेडच्या आमच्या हौशी नाटकमंडळींत ती आली. तालमी असल्या की माझ्याकडे मुक्काम. शिवराज म्हणाला, "आई, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे की. विनोदी नाटक हाय." पहिल्या प्रयोगात एक वाक्य विसरली आणि तिसरंच काहीतरी बोलून मोकळी झाली. सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

तेव्हा त्या नातेवाइकांना मी एवढंच विचारते : घरात गप बसलेल्या त्या सगळ्या वर्षांत ती किती जगली, ते कुणी पाहिलं होतं का?

नव्या नाटकातलं तिचं काम तसंच पडून होतं. मी लातूरहून निघताना शिवराजची बायको कावेरी मला सोडायला स्टँडवर आली. मोठ्यांपुढं कधी तोंड न उघडणारी पोरगी. बस सुटायच्या आधी म्हणाली, "अक्का, आत्याबाईंचं काम... मला जमंल का?"

परवा मी शिवराजला फोन केला आणि कावेरीला दे म्हटलं.

"आईच्या खोलीत हाय. दार लावून पाठांतर करून राहिली."

"मग? तुझं काय म्हणणं?"

मागून कावेरीचा खणखणीत आवाज येत होता.

"माझं काय, अक्का... मला विचारलंच न्हाई तिनं."